गोठ्यातील आवाज आणि आपले कान

मराठीत गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, शेळी बेंबटते, कोंबडा आरवतो. आणि कुत्रे कधी भुंकते, कधी गुरगुरते, तर कधी केकाटते. एकेका प्राण्याच्या आवाजास असे स्वतंत्र क्रियापद देणारी भाषा ऐकणाऱ्या माणसांनीच घडविलेली असली पाहिजे. ज्यांचा संसार जनावरांच्या जिवावर चालत असे, त्यांना अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या हा आवाज कोणत्या जनावराचा आणि तो कशासाठी, हे ओळखावे लागे. हे शब्द अद्याप आपल्या तोंडी आहेत. ऐकण्याची ती सवय मात्र कमी होत चालली आहे आणि तिच्यामुळे होणारे नुकसान दुधाच्या मापात व वेताच्या हिशेबात दिसू लागले आहे.

आम्ही विस्तार खात्यातील मंडळी गोठ्याविषयी बोलावयास उभे राहिलो म्हणजे चारा, पाणी, खुराक, जागा, उजेड, हवा आणि लसीकरण यांची यादी सांगतो. ही यादी योग्यच आहे. परंतु तीत आवाजाचा उल्लेख क्वचितच असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, शांत गोठा आणि मालकाचा तयार कान या दोन गोष्टी त्या यादीत यावयास पाहिजेत. यांपैकी कशासही अनुदान लागत नाही, कर्ज लागत नाही की नवे यंत्र घ्यावे लागत नाही. असे असूनही त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे.

जनावरास काय ऐकू येते

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने होत. एका सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला ध्वनी निरोगी तरुण माणसास ऐकू येतो. गाईच्या श्रवणशक्तीचे मापन अमेरिकेतील हेन्री हेफनर व रिकी हेफनर या शास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. त्यानुसार गाईस सुमारे २३ पासून ३५,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याची वरची मर्यादा सुमारे ४५,००० आणि मांजराची ६०,००० च्याही पुढे आहे. याचा अर्थ असा की, आपणांस जेथे शांतता भासते तेथे आपल्या जनावरास काही ऐकू येत असण्याचा संभव असतो.

याहून अधिक व्यावहारिक महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. माणसाचा कान साधारणतः २,००० ते ४,००० कंपनांच्या ध्वनीस सर्वांत तीक्ष्ण असतो. गाईचा कान ८,००० च्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. लोखंडी साखळीचा खणखणाट, पत्र्यावर बसलेला तडाखा, हवेच्या गळक्या नळीची शिट्टी, कर्कश शीळ यांत असे उंच ध्वनी भरपूर असतात. जो आवाज आपण त्रासदायक म्हणून सोडून देतो, तोच गाईस अधिक बोचतो.

आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखण्यात मात्र गाय माणसापेक्षा पुष्कळच कमी पडते. दोन आवाजांच्या दिशांत अवघ्या एका अंशाचा फरक असला तरी माणसास तो कळतो. गाईस तो कळावयास सुमारे ३० अंशांचा फरक लागतो, असे त्याच संशोधकांच्या पुढील प्रयोगांत आढळले. घड्याळाच्या तबकडीवर १२ व १ या आकड्यांमध्ये जेवढे अंतर आहे, तेवढा हा फरक होय. म्हणूनच अनोळखी आवाज कानी पडताच गाय मान वळवून, दोन्ही कान रोखून पाहू लागते. आवाज कोठून आला हे तिला डोळ्यांनी ठरवावे लागते. अशा वेळी मागून अचानक कोणी हात लावला, तर ती लाथ झाडणारच. त्यात तिचा द्वाडपणा नसतो. जनावराजवळ जाताना आधी ओळखीच्या सुरात नाव घ्यावे, त्याचे कान आपल्याकडे वळू द्यावेत आणि मग बाजूने जाऊन हात लावावा, हा जुन्या गवळ्यांचा रिवाज शास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरतो.

आरडाओरड, भीती आणि पान्हा

दूध कासेत तयार असले म्हणजे ते भांड्यात येतेच, असे नाही. कासेस स्पर्श झाला, वासराने ढुशी दिली, ओळखीच्या माणसाची चाहूल लागली किंवा चरवीचा आवाज आला, म्हणजे गाईच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव रक्तात येतो आणि तो कासेतील सूक्ष्म पिशव्या दाबून दूध खाली सोडतो. यालाच आपण पान्हा म्हणतो. या स्रावाचा प्रभाव थोडीच मिनिटे टिकतो. म्हणूनच पाच ते सात मिनिटांत धार काढून संपवावी, असे सांगितले जाते.

भीतीने हा पान्हा अडतो. अमेरिकेतील एली व पीटरसन या दोघा शास्त्रज्ञांनी १९४१ साली यासंबंधीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून व तिच्याजवळ कागदी पिशव्या फोडून तिला भिवविले. भ्यालेल्या गाईने दूध चोरले. भीतीमुळे ॲड्रेनॅलिन नावाचा दुसरा स्राव रक्तात येतो आणि तो पान्ह्याच्या क्रियेस अडथळा करतो, असा उलगडा त्यांनी केला. कागदी पिशवी फुटण्याचा आवाज तो केवढा! आपल्याकडे धारेच्या वेळी गोठ्याच्या भिंतीपलीकडे फटाका वाजतो, कर्णा लागतो किंवा गोठ्यातच कोणी वासरावर खेकसतो, तेव्हा काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्या देशी गाई व म्हशी या बाबतीत विदेशी गाईंहून अधिक हळव्या आहेत. पुष्कळ गाई वासराशिवाय पान्हवत नाहीत आणि धार काढणारा माणूस बदलला तरी दूध आखडतात. अशा वेळी इंजेक्शन टोचून दूध उतरविण्याचा मोह काहींना होतो. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे काहीही टोचणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. धारेच्या वेळी गोठा शांत ठेवण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि तो सोडून सुईकडे वळण्याचे कारण नाही.

माणसाच्या ओरडण्याविषयी येथे वेगळे सांगितले पाहिजे. कॅनडात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनावरे हाताळताना त्यांना माणसांच्या ओरडण्याचे व लोखंडाच्या खणखणाटाचे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले. दोन्हींमुळे जनावरांची चुळबुळ व हृदयाचे ठोके वाढले. परंतु लोखंडाच्या खणखणाटापेक्षा माणसाच्या ओरडण्याचा परिणाम अधिक झाला. ज्या जनावरास आपण हात लावीत नाही, त्यालाही आपला आवाज मारू शकतो, असा याचा अर्थ आहे. औताच्या बैलांवर दिवसभर ओरडणारा माणूस स्वतः थकतो आणि बैलांसही थकवितो. खिलारसारख्या चपळ व तापट जातीचा बैल तर ओरडण्याने अधिकच बिथरतो. मोट होती त्या काळी मोट हाकणारा गाणी म्हणत असे. त्यात त्याचा विरंगुळा होता हे खरे. पण त्या एकसुरी, ओळखीच्या आवाजावर बैलांची पावलेही ठरलेली असत. मोट गेली, परंतु संथ व ठरावीक शब्दांनी जनावर चालविण्याची विद्या जाण्याचे कारण नाही.

हंबरण्यात काय असते

मुक्या जनावरास बोलता येत नाही, असे आपण म्हणतो. शब्द नाहीत एवढ्यापुरतेच ते खरे आहे. इंग्लंडमध्ये मोकळ्या चरणाऱ्या गाई व त्यांची वासरे यांच्या आवाजांचे विश्लेषण करून नॉटिंगहॅम व लंडन येथील संशोधकांनी २०१५ साली काही निष्कर्ष प्रसिद्ध केले. वासरू जवळ असताना गाय तोंड मिटून खर्जात हुंकारते. या आवाजाची कंपने सेकंदास सुमारे ८१ भरली. वासरू दृष्टीआड झाले की ती तोंड उघडून उंच स्वरात हंबरते. या आवाजाची कंपने सुमारे १५३ भरली. प्रत्येक गाईचा आणि प्रत्येक वासराचा आवाज वेगळा ओळखता येतो, असेही त्यांस दिसून आले. सिडनी विद्यापीठात १३ कालवडींच्या ३३३ आवाजांचा अभ्यास होऊन २०१९ साली असे दाखविण्यात आले की, भूक असो, एकटेपणा असो वा माज असो, त्या त्या कालवडीच्या आवाजाची स्वतःची ओळख सर्व प्रसंगी कायम राहते.

आपल्या घरची जाणती बाई न पाहता सांगते की, ही कपिला हंबरली आणि ती पाण्यासाठी हंबरली. या ज्ञानास आपण अंदाज म्हणून कमी लेखीत आलो. यंत्रांनी आता तेच सिद्ध केले आहे. ज्याला आपल्या गाईचा रोजचा आवाज ठाऊक आहे, त्यालाच आजचा आवाज निराळा आहे हे कळेल. आणि हा फरक कळणे हीच सगळ्या पुढच्या उपायांची पहिली पायरी आहे.

जनावरेही आपला आवाज असाच ओळखतात. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरविण्याची प्रथा आहे. त्या गर्दीत मालकाची हाक येताच त्याची म्हैस त्याच्यामागे धावत सुटते. कित्येक म्हशी तर मालकाच्या मोटारसायकलच्या आवाजामागे पळतात. मंदबुद्धी म्हणून जिची थट्टा होते, त्या म्हशीच्या कानाची ही परीक्षाच आहे.

मुका माज आणि म्हशीचे रेकणे

दुग्धव्यवसायात सर्वांत मोठे आणि न दिसणारे नुकसान जर कोणते असेल, तर ते माज हुकण्याचे होय. गाय किंवा म्हैस साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला की जनावर आणखी तीन आठवडे भाकड पोसावे लागते. दोन-तीन माज हुकले तर वेत पुढे जाते आणि वर्षाचा हिशेब कोलमडतो. त्यातून म्हशीचा माज सौम्य असतो. गाई एकमेकींवर जशा चढतात, तशा माजावरील म्हशी क्वचितच चढतात. तिच्या माजाची सुरुवात पुष्कळदा संध्याकाळी, रात्री किंवा पहाटे होते आणि उन्हाळ्यात तर लक्षणे फारच मंद होतात. यालाच आपण ‘मुका माज’ म्हणतो.

मुका माज असतोच; परंतु आपण मुका समजतो तो प्रत्येक माज खरोखर मुका नसतो. वारंवार रेकणे हे म्हशीच्या माजाचे एक महत्त्वाचे लक्षण आहे. दिवसा शेतावर असलेल्या मालकास ते ऐकू येत नाही आणि रात्री दूरचित्रवाणीच्या किंवा कर्ण्याच्या गोंगाटात ते विरून जाते. सकाळी गोठ्यात जावे तो म्हैस पूर्ववत् शांत उभी असते. मग ‘म्हैस माजच दाखवीत नाही’ अशी तक्रार होते. म्हैस बोलली होती, पण ती ऐकावयास कोणी नव्हते.

यास्तव रात्री निजण्यापूर्वी आणि पहाटे धारेपूर्वी दहा-पंधरा मिनिटे गोठ्यात शांतपणे बसावे. जे जनावर एरवी गप्प असते ते रेकू लागले, तर त्याबरोबर काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, चाऱ्यावरील वासना कमी होणे व दूध आखडणे ही लक्षणे पाहावीत. केवळ हंबरण्यावरून माज ठरवू नये. भूक, तहान आणि वासराची ताटातूट यांमुळेही जनावर ओरडते. माजाची खात्री झाल्यावर सकाळी माज दिसला असेल तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिसला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करवून घ्यावे. गोठ्याच्या चौकटीवर खडूने तारीख लिहून ठेवली, म्हणजे एकविसाव्या दिवशी कान कोठे द्यावयाचा हे ठरून जाते.

रोगाची पहिली वर्दी

रोगाची पहिली खूण पुष्कळदा डोळ्यांआधी कानास कळते. निरोगी गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. रात्रीच्या शांत गोठ्यात हा एका लयीत चालणारा चघळण्याचा आवाज ऐकू येतो. तो एखाद्या दावणीवर बंद पडला असेल, तर उजाडेपर्यंत थांबू नये, कंदील किंवा विजेरी घेऊन जनावर पाहावे. परदेशांतील मोठ्या गोठ्यांत गाईच्या गळ्यात ध्वनी टिपणारे पट्टे बांधून रवंथाचा काळ मोजतात. शेकडो गाई असलेल्या मालकास ते यंत्र हवे. पण दोन-चार जनावरे असलेल्या आपल्या शेतकऱ्याजवळ त्याचे दोन कान आहेत.

डाव्या भकाळीवर कान किंवा मूठ ठेवली असता कोठीपोटाची घुसळण जाणवते. निरोगी जनावरात ती दोन मिनिटांत दोन-तीन वेळा तरी व्हावयास पाहिजे. भकाळी फुगलेली असून तिच्यावर टिचकी मारता ढोलासारखा आवाज आला, तर पोटफुगी समजून त्वरित उपचार करावेत. जनावर उतारावरून चालताना किंवा बसता-उठताना कण्हत असेल, तर चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा पोटात गेल्याचा संशय घ्यावा. तोंडाने औषध पाजताना जनावर खोकले, तर त्याची मान ताबडतोब सोडून खाली करू द्यावी. तो खोकला औषध फुप्फुसात जात असल्याची सूचना असते.

दोन आवाज तर प्रत्येक शेतकऱ्याने ओळखलेच पाहिजेत. पहिला घटसर्पाचा. या रोगात ताप चढतो, गळ्यास सूज येते आणि श्वासाबरोबर घशातून घरघर ऐकू येते. म्हशी या रोगास अधिक बळी पडतात आणि पुष्कळदा एका दिवसाच्या आत जनावर दगावते. घरघर सुरू झाल्यावर हाती असलेला वेळ तासांत मोजावा लागतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच खरा उपाय आहे. तरीही असा आवाज कानी पडताच पशुवैद्यकास बोलावण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

दुसरा आवाज पिसाळलेल्या जनावराचा. पिसाळलेले कुत्रे चावल्यामुळे रोग झालेली गाय किंवा म्हैस घोगऱ्या, बदललेल्या आवाजात एकसारखी ओरडते, तिच्या तोंडातून लाळ गळते आणि तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल असे समजून मालक तोंडात हात घालतो आणि स्वतःचा जीव धोक्यात टाकतो. असा आवाज ऐकला तर जनावराच्या तोंडास कोणीही हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकास कळवावे. लाळेचा संपर्क झालाच, तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एक आवाज ओळखल्याने घरातील माणूस वाचू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

शेळ्या व कोंबड्या

शेळी आपल्या करडास आवाजावरून ओळखते आणि ही ओळख ती लवकर विसरत नाही. करडे वेगळी केल्यावर ७ ते १३ महिन्यांनी त्यांचे जुने ध्वनिमुद्रण ऐकविले असता शेळ्यांनी आपल्या करडांच्या आवाजास अधिक प्रतिसाद दिला, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात २०१२ साली दिसून आले. कळपात एखादे करडू सतत बेंबटत असेल, तर ते बहुधा आईपासून चुकलेले, उपाशी किंवा थंडीने काकडलेले असते. विण्याच्या हंगामात हा आवाज ऐकून वेळीच करडू आईस लावले, तर ते वाचते.

कुक्कुटपालनात तर आवाज हे तापमापकाच्या बरोबरीचे साधन आहे. कृत्रिम उबेखालील पिल्ले गारठली म्हणजे एकत्र गोळा होऊन मोठ्याने चिवचिवाट करतात. उष्णता अधिक झाली म्हणजे दूर सरकून चोच उघडून धापा टाकतात व गप्प होतात. ऊब योग्य असली म्हणजे सर्वत्र पसरून हळू आवाजात कुजबुजत राहतात. रात्री दिवे मालविल्यावर कोंबड्या शांत होतात. अशा वेळी दाराशी पाच मिनिटे उभे राहून कान द्यावा. शिंकणे, खोकणे किंवा घरघर ऐकू आली, तर श्वसनाच्या रोगाची ती पहिली वर्दी समजावी. दिवसाच्या कलकलाटात ती मुळीच कळत नाही.

‘सवय होते’ हा समज

या विचारांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जनावरांना आवाजाची सवय होते. हे अर्धेच खरे आहे. रोज ठरावीक वेळी होणाऱ्या, एकसारख्या व मध्यम आवाजाची त्यांस सवय होते. पंपाच्या किंवा दूध काढण्याच्या यंत्राच्या आवाजात गाई स्वस्थ उभ्या राहतात. अचानक, मोठ्या व अनियमित आवाजाची सवय मात्र सहजासहजी होत नाही. दिवे लागणीस फुटलेला फटाका दहाव्या वेळीही तिला पहिल्यासारखाच दचकवितो.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. गाईंना संगीत ऐकविल्याने दूध वाढते असे म्हणतात, मग कर्णा लावला तर काय बिघडले? इंग्लंडमधील लीसेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली संथ संगीताने दूध सुमारे ३ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले होते, हे खरे. परंतु ते संथ संगीत होते, कर्णकर्कश नव्हते. शिवाय एवढ्याशा आधारावर गोठ्यात ध्वनिक्षेपक बसविण्यापेक्षा, असलेला गोंगाट कमी करणे हे अधिक शहाणपणाचे आहे.

या संदर्भात पोळ्याविषयी लिहिणे मला अवश्य वाटते. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळावयाचे, त्यांना जेवणाचे आवतण द्यावयाचे, सणाच्या दिवशी जू मानेवर ठेवावयाचे नाही, हा आपल्या पूर्वजांचा कृतज्ञतेचा रिवाज. ज्या दिवशी बैलास विसावा द्यावयाचा, त्याच दिवशी त्याच्या कानाशी फटाके फोडणे व ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारणे हे त्या रिवाजाशी विसंगत आहे. गर्दीत बुजून उधळलेला बैल स्वतःस, लहान मुलांस व म्हाताऱ्या माणसांस इजा करू शकतो. बैलाच्या गळ्यातील घुंगुरमाळ आणि गावचा वाजंत्री यांत सण उणा पडत नाही. सण बैलाचा आहे. तो बैलास सुखाचा व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

गावाने व घराने काय करावे

ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० साली झाले. त्यांनुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल असून, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्र असते. गोठ्यांसाठी असे क्षेत्र नाही, आणि प्रत्येक गोष्टीस कायदा असावा असेही नाही. परंतु मिरवणुकीचा मार्ग गोठ्यांच्या आळीतून नेऊ नये, जनावरांच्या आसपास फटाके वाजवू नयेत, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी कर्णे बंद ठेवावेत, असा ठराव ग्रामसभेने करावयास काय हरकत आहे? दूध संस्थांनी यात पुढाकार घ्यावा. कारण नुकसान होते ते त्यांच्याच संकलनाचे.

घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी तर अगदीच साध्या आहेत. कडबाकुट्टीचे यंत्र दावणीला लागून बसवू नये. ते गोठ्यापासून दूर, आडोशाला असावे आणि धारेच्या वेळी चालवू नये. पत्र्याचे सैल छप्पर व दारे घट्ट करावीत, म्हणजे वाऱ्याने ती आपटणार नाहीत. साखळीऐवजी दावे वापरावे. धार रोज त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने काढावी. धार चालू असताना कोणावरही, म्हणजे जनावरावर किंवा घरातल्या माणसावरही ओरडू नये. नवीन विकत आणलेल्या जनावरास पहिले काही दिवस घरातील आवाजांची ओळख होऊ द्यावी, मग ते गर्दीच्या ठिकाणी न्यावे. फटाके वाजण्याचे दिवस असतील तेव्हा जनावरे आत बांधावीत, पुढ्यात चारा टाकावा आणि ओळखीच्या माणसाने जवळ थांबावे.

आम्हा विस्तार अधिकाऱ्यांवरही काही जबाबदारी येते. गोठ्याच्या आराखड्याबरोबर आवाजाचा विचार सांगणे, प्रशिक्षण वर्गात रोगाचे व माजाचे आवाज ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने ऐकविणे, आणि ज्या वृद्ध गवळ्यांना व धनगरांना हे ज्ञान आहे त्यांना वर्गात सन्मानाने बोलावून तरुणांसमोर बोलते करणे, एवढे आपण केलेच पाहिजे. आज मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणे सोपे झाले आहे. जनावराचा विचित्र आवाज ऐकू आल्यास तो टिपून पशुवैद्यकास ऐकविता येतो. निदानास त्याची मदत होते. मात्र त्यामुळे प्रत्यक्ष तपासणी टाळू नये.

शेतकरी बंधुभगिनींनी आज रात्रीपासूनच एक प्रयोग करून पाहावा. जेवणे आटोपल्यावर घरातील सर्व आवाज बंद करून गोठ्याच्या उंबऱ्यावर दहा मिनिटे बसावे. कोण रवंथ करीत आहे, कोण उसासा टाकते, कोण खोकते आणि कोण दावे ओढीत आहे, हे मनात टिपावे. आठ दिवसांत आपल्या प्रत्येक जनावराचा नेहमीचा आवाज ओळखीचा होईल, आणि नवव्या दिवशी त्यात काही बदल झाला, तर तो आपणांस कळल्याशिवाय राहणार नाही.